चावी मारायला माणूस

वायरवहिनीने दुकान उघडलं ते नवरा गेल्यावर सोळाव्या दिवशी, आणि तेही कामाच्या ओढीने नाही, नणंदेच्या नजरेतून सुटायला म्हणून. नणंद चार दिवसांसाठी आली होती ती भावजयीची काळजी वाटून राहिली होती. रोज सकाळी चहाचा कप हातात देताना ती वहिनीचा चेहरा निरखायची आणि म्हणायची, बाई गं, एकदाचं रडून घे, असं आत कोंडून ठेवू नये. वहिनी बरं म्हणायची आणि चहा प्यायची. आत काही कोंडलेलं असतं तर गोष्ट वेगळी. तिला तर आत हात घातला तरी काही लागत नव्हतं. भूक नव्हती, पण जेवण जात होतं. झोप नव्हती, पण डोळे मिटून पडता येत होतं. लोक भेटायला यायचे, तिचा हात हातात घेऊन डोळे पुसायचे, आणि ती त्यांना पाणी आणून द्यायची. नणंद फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगत होती, की हिचा पार दगड झालाय. ते वहिनीने ऐकलं, आणि नणंदेचं म्हणणं खरं आहे एवढंच तिच्या मनात आलं.

तिचं हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. तिचा नवरा गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. इस्पितळाकडे जाणाऱ्या रस्त्याला, पेट्रोल पंपाच्या पुढे, एका गाडीपुरती जागा असलेलं त्यांचं दुकान. सगळे त्याला दादा म्हणायचे. गाडीला हातही न लावता, नुसता सेल्फचा, इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचा, आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा. एकोणीस वर्षांपूर्वी चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा चिमटा काढताना ठिणगी उडाली, बॅटरी फुटली आणि आतलं ॲसिड त्याच्या डोळ्यांत गेलं. डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली. पण सहा महिन्यांत उजेड-अंधारातला फरकही त्याला कळेनासा झाला.

दुकान आता बंदच, असं सगळे धरून चालले होते. तिला तेव्हा गाडीतलं इतकंच कळत होतं, की हॉर्न वाजवला की माणसं बाजूला होतात. पण एक दिवस दादाने तिला हाताला धरून दुकानात नेलं, वायरींचा एक गुंता तिच्या मांडीवर टाकला आणि म्हणाला, "डोळे तुझे, हात तुझे. डोकं माझं आणि शिव्याही माझ्या. चालेल?"

तिने चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती? पहिली तीन वर्षं तिच्या नाकी नऊ आले. तो वायरीचा रंग विचारायचा, ती मोरपंखी म्हणायची, आणि तो वैतागायचा. पडदे घ्यायला आलीस का, हिरवा की निळा ते सांग, म्हणायचा. तोंडाने फटकळ माणूस. कधी शाब्बास म्हणेल तर शपथ. पण तिने सांगितलेला आकडा तो एकदा ऐकला की पुन्हा विचारायचा नाही, आणि तिच्या लेखी तीच शाब्बासकी होती. हळूहळू हात बसला. गिऱ्हाइकं आधी दादाची वहिनी म्हणायची, मग वायरवाली वहिनी, आणि मग बोलता बोलता वायरवहिनी.

एक काम मात्र दादाने कधी सोडलं नाही. गाडीची तपासणी करताना एकाला पुढे इंजिनापाशी मीटर धरून वाकावं लागतं आणि दुसऱ्याला आत बसून चावी मारावी लागते. चावी मारायला दादा बसायचा. चाचपडत दार उघडायचा, स्टिअरिंगवर डावा हात ठेवायचा, पाठ ताठ करायचा, आणि काळ्या चष्म्यातून समोर बघत थांबायचा, जणू आता दूरच्या गावाला निघायचंय. ती "मारा" म्हणायची, तो मारायचा. रस्त्याने जाणारा नवा माणूस हे बघून दचकायचा. दादाला ते कळायचं आणि आवडायचं.

आणि हा दादा गेला तोही दुकानातच, दुपारी तीनच्या सुमारास. ती एका व्हॅनच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून पाठीवर पडली होती, तो बाहेर त्याच्या खुर्चीत. तिने आतून विचारलं, "अकरा दाखवतोय. पुढे काय?" उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग तिला राग आला. जेवण झालं की हे असे पेंगतात आणि मी इथे मान मोडून घ्यायची. झोपलात तर झोपा, म्हणून तिने ती वायर स्वतःच शोधली, सोलली, जोडली, टेप गुंडाळली. पंधरा मिनिटं गेली असतील. बाहेर येऊन, आता तुमच्यावाचून अडत नाही, असं ऐकवण्यासाठी ती खुर्चीसमोर उभी राहिली. चष्मा नाकावर घसरला होता आणि हात मांडीवर उताणे होते.

इस्पितळ तीन मिनिटांवर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की जागच्या जागी गेले, कुणी शेजारी बसलेलं असतं तरी फारसं काही करता आलं नसतं. वहिनीने मान डोलावली. पंधरा मिनिटांचं तिने कुणालाच सांगितलं नाही. मुलाला नाही, नणंदेला नाही.

तर सोळाव्या दिवशी शटर वर करून ती आत नुसती बसली होती. दादाच्या खुर्चीवर नाही, बॅटरीच्या खोक्यावर. दहाच्या सुमाराला एक जुनी पांढरी गाडी रस्त्याला लागून थांबली आणि बंद पडली. गाडीतून मोठ्या बाई उतरल्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी अख्खं गाव त्यांना मोठ्या बाईच म्हणायचं आणि त्यांच्यासमोर खिशातले हात बाहेर काढायचं. मागच्या सीटवर त्यांची धाकटी बहीण बसली होती, घरी एकटी ठेवायला नको म्हणून सोबत आणलेली, अंगावर शाल, चेहरा पिवळट. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा मोठ्या बाई तिला रक्त शुद्ध करून घ्यायला इस्पितळात नेत आणि चार तास बसून परत आणत.

मोठ्या बाईंनी आधी दादाबद्दल दोन शब्द म्हटले. मोजकेच, आणि हात वगैरे न धरता. वहिनीला ते बरं वाटलं, म्हणजे निदान वाईट वाटलं नाही. मग त्यांनी गाडीची तक्रार सांगितली. तीन महिने झाले, गाडी मनात येईल तेव्हा सुरू होते. दिवे झकास लागतात, हॉर्न खणखणीत, पण चावी फिरवली की नुसतं टक वाजतं. कधी आठव्या खेपेला सुरू होते, कधी चार माणसांनी धक्का दिला की. एका गॅरेजने बॅटरी बदलली, दुसऱ्याने सेल्फ नवा टाकला, तिसऱ्याने पुन्हा बॅटरी बदलली आणि शेवटी हात टेकले. गेल्या मंगळवारी बहिणीला घेऊन त्या इस्पितळाच्या फाटकात तीन तास ताटकळल्या होत्या. उद्या सकाळी सातला पुन्हा पाळी होती.

"तुम्हाला आज जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी गैरसमज करून घेणार नाही."

जमेल की नाही हे वहिनीला ठाऊक नव्हतं. पण घरी नणंद होती. ती उठली आणि तिने बॉनेट उघडलं.

हात आपले आपण चालू लागले. बॅटरीला मीटर लावला, साडेबारा व्होल्ट. ठीक. टोकं घट्ट, कुठे बुरशी नाही. फ्यूज बघितले, रिले काढून हलवून पाहिला. एकोणीस वर्षांची सवय अशी, की आकडा दिसला की ती तो मोठ्याने म्हणायची. "साडेबारा," ती म्हणाली, आणि तोंड मिटलं. मोठ्या बाईंनी विचारलं, "काय म्हणालात?" ती म्हणाली, काही नाही.

आता चावी मारायची वेळ आली. ती मीटर हातात धरून उभी राहिली आणि उघड्या दारातून तिला रिकामी सीट दिसली. ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. धाकटीने मागच्या खिडकीतून हळूच बहिणीच्या दंडाला स्पर्श केला असावा, कारण मोठ्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मी बसू का? मला सांगा काय करायचं ते."

वहिनीने सांगितलं, की मी मारा म्हटलं की चावी मारायची. मोठ्या बाई बसल्या, पट्टा लावला. वहिनी वाकली, म्हणाली, "मारा." चावी फिरली, टक झालं, आणि चावी लगेच परत. मीटरचा काटा हलला न हलला. ती पुन्हा मारा म्हणाली. पुन्हा तेच.

"बाई, धरून ठेवायची."

"तुम्ही मारा म्हणालात. किती वेळ ते सांगितलं नव्हतं," मोठ्या बाई म्हणाल्या. मागे धाकटी हसली. हसताना तिला धाप लागली, तरी हसली.

तिसऱ्या खेपेला काम झालं. सेल्फच्या मोठ्या वायरीपर्यंत करंट पुरा पोचत होता. म्हणजे बॅटरीचा दोष नाही, जाणाऱ्या वायरीचा नाही, आणि बिचाऱ्या नव्या सेल्फचाही नाही. इतकं होऊनही सेल्फ फिरत नव्हता. दादा असता तर आत्तापर्यंत ओरडला असता. तिने कान देऊन ऐकल्यासारखं केलं. रस्त्यावरून एक सायकल गेली, बाकी काही ऐकू आलं नाही. मग तिने आपल्यापुरता विचार केला, फार सावकाश, जसा थंडीत गोठलेला नट फिरवतात तसा. गेलेला करंट परत कुठून येतो?

तिने मीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला लावलं आणि दुसरं थेट इंजिनाच्या अंगाला. चावी मारल्यावर तिथे काही दिसायला नको, जवळजवळ शून्य. "मारा," ती म्हणाली. मोठ्या बाईंनी चावी मारून धरली. मीटरवर नऊ आलं.

"तुमचं ॲक्सिलरेटर हल्ली जड झालंय का?" तिने विचारलं.

मोठ्या बाई चकित झाल्या. झालंय, दोन महिने झाले, गॅरेजवाल्याने तेल सोडलं पण फरक नाही, पण हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. वहिनीने इंजिनावरून जाणाऱ्या ॲक्सिलरेटरच्या केबलवर बोटं टेकवली आणि झटकन मागे घेतली. चांगला चटका बसला होता. बोट तोंडात धरून ती तिथेच उभी राहिली. दुखत होतं. सोळा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं, आणि तेही बोटच.

मोठ्या बाई काही समजून घेतल्याशिवाय सोडणाऱ्या नव्हत्या, म्हणून तिला बोलावं लागलं. ती म्हणाली, "बॅटरीतून करंट सेल्फला जातो, तेवढाच त्याला परत यावा लागतो. इंजिनातून बॉडीत यायला एक जाड पट्टी असते, तिला आम्ही अर्थ म्हणतो. ती वाट बंद झालीय. मग त्याने चोरवाट धरली, या केबलमधून. ती बिचारी इतकी बारीक, ती तापणार नाही तर काय. आत वितळलीय, म्हणून पेडल जड."

"म्हणजे तीन महिने गाडीला अर्थच नव्हता," मोठ्या बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं त्यांनी व्याकरण शिकवलं होतं, त्यांना राहवलं नाही. वहिनी हसली नाही. पण दादा या वाक्यावर मांडीवर थाप मारून हसला असता, हे तिला कळलं. नुसतं कळलं.

अर्थची पट्टी सापडायला अर्धा तास लागला. ती बॅटरीच्या तळाशी होती, नवीकोरी दिसत होती, नटही घट्ट. तीन गॅरेजवाले तिच्याकडे बघून पुढे गेले असतील यात नवल नाही. वहिनीने नट काढला तेव्हा खाली स्वच्छ पांढरा रंग निघाला. गाडीला मध्ये ठोकर लागली होती, तेव्हा पत्रा सरळ करून रंग मारला होता, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. रंगवाल्याने मन लावून काम केलं होतं, जिथे नको तिथेही रंग दिला होता, आणि पट्टी त्या रंगावरच बसवली होती. लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. नटाच्या आट्यांतून काय झिरपेल तेवढाच करंट.

तिने काचपेपरने तो रंग घासला. गोल गोल, पत्रा उघडा पडेपर्यंत. मग पट्टी बसवली आणि खात्रीला शेजारी दुसरी एक जाड पट्टी जोडली. वितळलेली केबल तशीच ठेवणं धोक्याचं होतं, पेडल दाबलेलं तसंच अडकलं तर गाडी आवरायची कशी? तिने पलीकडच्या स्पेअर पार्टवाल्याला फोन करून केबल मागवली. ती बसवून होईपर्यंत दोन वाजले. धाकटीने तोवर मागे झोप काढली होती. मोठ्या बाई उभ्याच होत्या, एकेक हत्यार विचारून हातात देत होत्या आणि नाव चुकलं की स्वतःवरच चिडत होत्या.

"मारा," वहिनी म्हणाली.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मीटर शून्याच्या जवळ. तिने बंद करायला लावली, पुन्हा मारायला लावली. बारा वेळा. बाराही वेळा गाडी सुरू झाली. धाकटी मागून मोजत होती. वहिनीला वाटलं, आता आनंद व्हायला हवा. तिने थोडी वाट पाहिली. मग हात पुसले.

तापल्यावर काय करते ते बघायला एक फेरी मारायला हवी, ती म्हणाली, आणि पुढच्या सीटवर मोठ्या बाईंच्या शेजारी बसली. गाडी इस्पितळावरून पुढे गेली, कालव्याच्या रस्त्याला लागली. ऊन काचेतून मांडीवर पडत होतं. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता, कुठे कुरकुर नाही, कुठे झटका नाही. दोन्ही बहिणी उद्याच्या डब्यात काय न्यायचं यावर हलक्या आवाजात वाद घालत होत्या. आणि वायरवहिनीला झोप लागली. डोळे मिटून पडणं नव्हे. मान एका बाजूला कलली, तोंड किंचित उघडं, आणि ती गाढ झोपली.

मोठ्या बाईंनी बघितलं. धाकटीने मागून ओठांवर बोट ठेवलं. त्या वळून दुकानाशी आल्या, पण थांबल्या नाहीत, तशाच पुढे गेल्या. पुन्हा कालवा, पुन्हा पूल, पुन्हा पेट्रोल पंप. गतिरोधक आला की मोठ्या बाई गाडी अशी उतरवायच्या की जणू आत काचसामान आहे. पुढे कुणीतरी सांगितलं, की पंपावरच्या माणसाने ती पांढरी गाडी त्या दुपारी सात वेळा जाताना पाहिली.

ती जागी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. गालावर पट्ट्याचा वळ उमटला होता. काही क्षण तिला आपण कुठे आहोत तेच कळेना. मग तिने घड्याळ पाहिलं आणि खाडकन सरळ बसली.

"बंद करून परत सुरू करून बघितली का?"

"नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "बंद केली असती तर तुम्ही उठला असता."

वहिनीने गालावरचा वळ चोळला. मग समोर बघत, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाली, "हे गेले तेव्हा मी आतच होते. डॅशबोर्डखाली. हाक मारली, उत्तर नाही आलं, तर मला राग आला. पंधरा मिनिटं मी रागावून काम करत होते."

मोठ्या बाईंनी गाडी कडेला घेतली. त्यांनी समजूत घातली नाही, की देवाची मर्जी वगैरेही म्हटलं नाही. मागून धाकटीच बोलली. "मी हिच्यावर रोज रागावते," ती म्हणाली, "आणि ही माझ्यावर. आजसुद्धा सकाळी निघताना भांडलोय. माणूस घरातलं असलं की असंच व्हायचं हो."

वहिनीने मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मोठ्या बाईंनी तिथे गाडी बंद केली आणि पुन्हा चावी मारली. गरम इंजिन लगेच सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला इस्पितळातून मोठ्या बाईंचा फोन आला. वेळेवर पोचलो, गाडीने त्रास दिला नाही, एवढंच सांगून त्यांनी ठेवला. त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो दूर नोकरीला होता आणि रोज एकच विषय काढायचा, की आई, आता पुरे झालं, दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये. तिने त्याला सांगितलं, की उद्या दोन गाड्या येणार आहेत, त्या झाल्या की बघू. पुढच्या आठवड्यात नणंदही आपल्या घरी गेली. जाताना तिने वहिनीकडे शेवटचं निरखून पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

चावी मारायला मग ज्याची गाडी तोच बसायचा. कुणी लवकर सोडायचा, कुणी सेल्फ जळेपर्यंत धरून ठेवायचा, आणि वहिनी पुढून ओरडायला शिकली. ओरडताना तिच्या तोंडून दादाचेच शब्द बाहेर पडायचे.

रडू आलं ते पाच महिन्यांनी, दातांच्या डॉक्टरकडे. दाढ काढायची होती. बाहेरच्या मुलीने कागद भरताना विचारलं, सोबत कोण आलंय? कुणी नाही, ती म्हणाली, आणि आत जाऊन खुर्चीत आडवी झाली. इंजेक्शनने अर्धा जबडा बधिर झाला, आणि डोळ्यांतून पाणी कानांमागे वाहू लागलं. थांबेचना. डॉक्टर तरुण होता, तो घाबरला. दुखतंय का, त्याने दोनदा विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि हाताने खूण केली, की तुम्ही तुमचं काम करा. त्याने केलं. ती दाढ निघेपर्यंत रडली आणि नंतरही, बाहेरच्या बाकावर, गालात कापूस धरून.

चार वाजता ती दुकानाकडे आली. एका टेंपोचा हॉर्न आपोआप वाजत सुटला होता, ड्रायव्हरला तो बंद करता येत नव्हता, आणि सगळी गल्ली कानांवर हात ठेवून तिची वाट बघत उभी होती. तिला बोलता येत नव्हतं. तिने बोटाने बॉनेट उघडायची खूण केली.